सरांनी आखलेलं अंगण

वाघमारे सरांच्या फाटकातून कुणी चप्पल घालून आत पाऊल टाकलं की शिट्टी वाजायची. खरीखुरी, दोरीत ओवून गळ्यात अडकवलेली. नांदेडच्या आमच्या कॉलनीत मी नवी राहायला आले तेव्हा पेढे द्यायला म्हणून त्यांच्याकडे गेले, आणि त्या शिट्टीनं दचकून डबा हातातून पडायचीच वेळ आली. "पायताण भायेर काढा ताई. काळ्या मातीनं माझ्या लायनी खराब होऊन राहिल्या," सर म्हणाले. गुडघ्याखाली गोणपाट घेऊन ते अंगणात बसले होते आणि जुन्या टूथब्रशनं शहाबादी फरशीचे सांधे घासत होते.

सर हदगावच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. उभं आयुष्य खो-खो आणि कबड्डीची मैदानं चुन्यानं आखण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतं, तसंच हे असावं असं मला वाटलं. दोन फरश्यांमधली सिमेंटची रेघ काळी पडली तर कुणाचं काय अडतं?

अडत होतं शांताकाकूंचं, सरांच्या बायकोचं. शुगरमुळे त्यांची नजर अधू झाली होती. समोरचं सगळं धुरकट. काळ्यावर पांढरं असेल तर तेवढं ओळखू यायचं. एकदा फाटकाकडे जाताना अंदाज चुकला, पाय फरशीवरून कडेच्या वाफ्यात गेला आणि काकू पडल्या. त्यानंतर त्यांनी बाहेर येणंच सोडलं. फाटकाशी उभं राहून भाजीवालीशी हुज्जत घालणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण त्यासाठीसुद्धा सरांचा हात धरायला त्या तयार नव्हत्या. "मी काय लेकरू हाय का, धरून न्यायला?" असं म्हणून दिवसभर आतल्या खोलीत बसत. सरांना ते बघवत नसे. "लाईन दिसली की पाय बरोबर पडतो. पोरांना हेच सांगत आलो मी," ते म्हणायचे.

घासून काळेपणा जाईना, तेव्हा त्यांनी संडास धुवायचं ॲसिड ओतलं. रेघा जरा उजळल्या, पण ॲसिडनं दगडही खाल्ला आणि नळाजवळच्या फरश्या पांढरट पडल्या. आता फरशी कुठली अन् रेघ कुठली, मलाही कळेना. सरांचं तोंड एवढंसं झालं. "लाईन पांढरी करायच्या नादात मैदानच पांढरं केलं बघा." दुसऱ्या दिवशी मात्र ते छिन्नी घेऊन बसले. पांढरट पडलेल्या फरश्या बदलल्या, सांध्यांमधलं काळं सिमेंट कोरून काढलं, तिथं व्हाईट सिमेंट भरलं आणि ओली गोणपाटं टाकून ते तान्ह्या बाळासारखं जपलं.

काकू चालून बघायला तयार झाल्या, पण अट घालून. "तुम्ही बघायचं न्हाई. तुम्ही बघून राहिले की माझे पाय लटपटतात." सर मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी फाटकाशी. काकू एकेक रेघ हेरत निघाल्या.

"ताई, कुठवर आली?" सरांनी हळूच विचारलं.

"कान शाबूत हायेत माझे!" काकू ओरडल्या.

फाटकाची सळई हाताला लागली तेव्हा त्या इतकं मोकळं हसल्या की मलाच रडू आलं. सर वळलेच नाहीत. वळा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं ना.

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. अंगणात माणसं मावत नव्हती, हदगावहून त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. त्रिसरण-पंचशील झालं. न्यायची वेळ झाली तसा सरांचा मुलगा काकूंचा हात धरायला पुढे आला.

"सोड बाबा," त्या म्हणाल्या. "त्यांनी आखून ठेवलंय की."

माणसं बाजूला सरली. खाली बघत, एकेक पाऊल टाकत काकू सरांच्या मागोमाग एकट्या फाटकापर्यंत आल्या, आणि गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.