अक्काचे घडीचे कागद

मी पुण्याला निघाले त्या सकाळी अक्का पहिला तास संपवून तशीच फाट्यावर आली होती. बोटांना खडू होता. आईनं दशम्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि जीपवाल्याला दोनदा सांगितलं, की केजला पुण्याच्या गाडीत नीट बसवून दे. आप्पा आले नव्हते. दुकानात गिऱ्हाईक आहे, असा निरोप त्यांनी पाठवला. खरं म्हणजे माणसाला निरोप देणं त्यांना कधीच जमलं नाही.

अक्का जीपच्या दाराला धरून उभी होती. "दोनच वर्षं हायेत," ती म्हणाली. "तू एम.एस्सी. करून ये. मग माझे वर्ग तू घे, मी जाते."

हे आमचं ठरलेलं होतं. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, युसूफ वडगावच्या शाळेत गणित शिकवणारी. तिलाही पुढं शिकायचं होतं. वर्ग सांभाळायला गणिताचं माणूस मिळालं तर दोन वर्षांची रजा देतो, असं हेडमास्तरांनी कबूल केलं होतं. ते माणूस म्हणजे मी. खरं तर आधी तिनंच जायला हवं होतं. "तू लहान हायेस, तुझं डोकं अजून ताजं हाय. तू हो पुढं," असं म्हणून तिनं मला पुढं काढलं. मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

गावच्या मंडळींनो, तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना अक्काचे कागद आठवत असतील. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडचे निम्मे वर्ग रिकामे व्हायचे. आईबापांबरोबर पोरं ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. तोवर त्रिकोण, रचना, प्रमेयं सगळं शिकवून झालेलं असायचं. फडावर कंपासपेटी कुठली असणार? म्हणून अक्कानं घड्यांची भूमिती तयार केली. कोनाच्या दोन बाजू एकमेकींवर आणून घडी घातली की कोन दुभागतो. रेघ स्वतःवरच दुमडली की लंब मिळतो. पट्टी नको, कोनमापक नको. एकेक कृती ती साध्या भाषेत एकेका पानावर लिहायची आणि आप्पांच्या दुकानातल्या पुड्यांच्या कोऱ्या कागदांसकट पोरांच्या पिशवीत घालायची.

तिचा सगळ्यात लाडका कागद त्रिकोणाच्या तीन कोनांचा होता. त्रिकोण कापायचा. एका कोपऱ्याला कुंकू लावायचं, दुसऱ्याला हळद, तिसऱ्याला चुलीतला कोळसा. मग तिन्ही टोकं दुमडून पायाच्या रेघेवर एका ठिकाणी आणायची. लाल, पिवळा, काळा असे तिन्ही कोन शेजारी शेजारी बसतात आणि सरळ रेघ होते. एकशे ऐंशी अंश. कुंकू, हळद आणि कोळसा कुठल्याही खोपीत मिळतात, असं ती म्हणायची.

पुण्यात माझं पहिलं वर्ष रडण्यात गेलं आणि दुसरं पळण्यात. हॉस्टेलच्या मुली संगणकाचे कोर्स करत होत्या, मीही केला. एम.एस्सी. संपता संपता एका कंपनीची जाहिरात आली. अमेरिकेतल्या शाळांसाठी इंटरनेटवर भूमितीचे धडे बनवायचं काम. त्यांना गणित येणारं आणि संगणकाला न घाबरणारं माणूस हवं होतं. मी इंटरव्ह्यू दिला, दुसऱ्या दिवशी हातात पत्र.

अक्काला मी फोनवर सांगितलं, एक वर्ष काम करते, थोडा अनुभव येईल. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या वर्षी मी प्रमोशनचं कारण दिलं. तिसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं, नवरा पुण्यातलाच. त्यानंतर मी कारण द्यायचं सोडून दिलं आणि तिनंही विचारायचं. दरम्यान आप्पांचं अर्धं अंग गेलं. दुकान, आप्पा आणि शाळा असं तिन्हींचं ओझं तिच्या अंगावर पडलं. रजेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

त्याच काळातली एक दिवाळी. कंपनीत आमचा त्रिकोणाचा धडा अडला होता. तिकडच्या शिक्षकांचा निरोप होता, की पडद्यावर तिन्ही कोन मोजून दाखवले तरी बेरीज एकशे ऐंशीच येते हे मुलांना पटत नाही. मी घरी गेले होते. अक्का आप्पांना जेवू घालत होती. मी तिचं कपाट उघडलं, पोरांसाठी लिहून ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपैकी एक काढला आणि बॅगेत भरला. तिला विचारलं नाही. घरातलंच तर होतं. लहानपणी तिच्या रिबिनी आणि वह्या मी अशाच घ्यायची.

धडा तयार झाला. पडद्यावर माउसनं टोक ओढलं की त्रिकोण दुमडायचा. चित्रं काढणाऱ्या मुलीनं मला विचारलं, "लाल, पिवळा, काळा हेच रंग कशाला?" मी म्हणाले, "कॉन्ट्रास्ट चांगला दिसतो." तिकडून कौतुकाचे ईमेल आले. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ही आयडिया कुणाची? सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बघून हसले. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी हवा तो घेतला आणि मी घेऊ दिला.

पुढच्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हा अक्का माझ्याशी नेहमीसारखीच वागली. लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा झोपलेले, आई शेजारी गेलेली, आम्ही दोघी दुकानात बसून शेंगा निवडत होतो. ती म्हणाली, "बीडला ट्रेनिंगला गेलते. चाळीस मास्तर-बाया होतो आमी. तिथल्या साहेबांनी इंटरनेट लावून दाखवलं. म्हणाले, बघा अमेरिकेतली पोरं भूमिती कशी शिकतात."

माझे हात थांबले.

"माझा कागद होता," ती म्हणाली. "कुंकू, हळद, कोळसा."

मी काहीतरी बोलायला लागले. कंपनी, घाई, मी सांगणारच होते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यात चूक हाय. सगळ्यात लांब बाजू खाली ठेवा, ही ओळ कावून गाळलीस? आखूड बाजू खाली आली आन् एखादा कोन पसरट असला, तर टोक रेघेच्या भाईर जातंय. घडी बसतच न्हाई."

ती ओळ मी जागा पुरेना म्हणून काढली होती. पडद्यावरचा त्रिकोण ठरलेला असतो, तिथं ते कुणाला कळत नाही. कागद हातात घेणाऱ्या पोराला मात्र कळतं.

"अक्का, चुकलं माझं."

"मी दिलंच असतं की गं तुला," ती म्हणाली. "हौसेनं दिलं असतं. तू विचारलं न्हाईस." आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

पुण्याला परतल्यावर मी कंपनीच्या साहेबांना खरं सांगितलं आणि धड्यावर अक्काचं नाव घालू का, असं विचारलं. ते म्हणाले, धडा कंपनीचा आहे, त्यावर कुणाचंच नाव नसतं. गाळलेली ओळ तेवढी घालू दिली. नकार ऐकून मला जरा हायसं वाटलं, हेही सांगून टाकते. कारण नाव घालायला होकार मिळाला असता, तर आधी ते का नव्हतं हे सगळ्यांना सांगावं लागलं असतं.

मग सहा महिने मी धीर गोळा केला आणि अक्काला फोन लावला. "तुझे कागद मराठीत इंटरनेटवर टाकू का? तुझ्या नावानं?"

ती म्हणाली, "समदे पाठविते. पर वापस दे."

बत्तीस कागद आले, प्रत्येकावर आकडा घातलेला. तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर नीट दिसत नसत, त्यामुळे प्रत्येक पान चित्र म्हणून चढवावं लागे. मी रविवारी बसून ते केलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत महानंदा हे तिचं नाव आणि गावाचं नाव. केजच्या नेट कॅफेत तिनं ते उघडलं. एकेक पान उमटायला इतका वेळ लागला, की चौथ्या पानानंतर ती उठून आली. "चांगलं झालंय," एवढंच फोनवर म्हणाली. ज्या पोरांसाठी ते कागद होते, त्यांच्या फडावर तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. त्यांच्यासाठी अक्का हातानंच लिहीत राहिली. बत्तीस कागद मी रजिस्टर पोस्टानं परत केले.

आप्पा गेले, तेव्हा मी तेरा दिवस राहिले. एके दिवशी मनात वर्षानुवर्षं जपलेली एक गोष्ट तोंडातून निघून गेली. मी म्हणाले, "अक्का, तू गेली असतीस तर तूही तिकडंच राहिली असतीस. शहर सोडत नाही माणसाला." स्वतःला मी हेच सांगत आले होते. जो जातो तो अडकतो, त्यात माझा एकटीचा दोष नाही.

अक्का ताट पुसत होती. तिनं वर पाहिलं. रागानं नाही. "मी आले असते," ती म्हणाली.

आणि ती आली असती. दोन वर्षं म्हणाली असती, तर दोन वर्षांनी त्याच फाट्यावर जीपमधून उतरली असती आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास घेतला असता. हे मला ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे, गावात कुणालाही विचारा.

पुण्यात मला लोक विचारतात, घरी कधी जाणार? मी सुट्ट्या बघून तारीख सांगते. घरी गेले की अक्का गरम भाकरी वाढते, माझ्या मुलीला जवळ घेऊन तिचं गणित तपासते, झोपायला मला खिडकीजवळची जागा देते. कुणी काही बोलून दाखवत नाही. पण माझ्यासाठी घर म्हणजे आता ती एकच जागा उरली आहे, जिथं मी आज जी आहे ती होण्याआधी काय करायचं कबूल केलं होतं, हे माहीत असलेलं माणूस राहतं. मी तिथं जाते, जेवते, आणि तिच्या नजरेला नजर द्यायला दरवेळी थोडा वेळ घेते.