दोन चिपा आणि वैशाखाचं ऊन

तापलेल्या राळेचा वास कुठेही आला की मला बारामतीचं एक टीव्ही-दुरुस्तीचं दुकान आठवतं. एस.टी. स्टँडामागच्या त्या अरुंद गाळ्यात दुकानाचे मालक चाचा तारांना डाग देत बसत आणि निळसर धुराची एक रेघ त्यांच्या पांढऱ्या दाढीतून सावकाश वर चढे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मराठीत एम.ए. करून मी मावशीकडे राहत होते, दिवसा कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत होते आणि उरलेला वेळ चाचांच्या दुकानात घालवत होते. टीव्हीला जोडायच्या, तोवर जुनाट झालेल्या व्हिडिओ गेमच्या डब्यासाठी आपला स्वतःचा खेळ लिहायचा, या वेडानं आम्हां दोघांना धरलं होतं.

गावी, निरवांगीला, आबांना, माझ्या वडिलांना, यातलं काही उमगत नव्हतं. अर्धं आयुष्य त्यांनी मेंढरं राखली होती, मग कळप विकून ऊस लावला होता. शिकलीसवरलेली मुलगी परक्या दुकानात बसून करते तरी काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. अखेर त्यांनी मुदतच घातली. मृगापर्यंत काहीतरी डोळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर ट्रंक भरून गावी यायचं.

पुण्याच्या मैत्रिणीनं दोन फ्लॉप्या पाठवल्या. एकीत त्या डब्याच्या अंतरंगाची माहिती होती. दुसरीत माझ्या ओळींचे यंत्राला कळणारे आकडे करून देणारा प्रोग्रॅम. क्लासनं अडगळीत टाकलेला कॉम्प्युटर चाचांच्या टेबलावर आला. कॉम्प्युटरवरून चिपेत आकडे भरणारी सर्किटची पाटी चाचांनी स्वतः जुळवली, गेमची एक कॅसेट उघडून मूळ चिपा काढल्या आणि तिथे सॉकेट बसवली. काळ्या पडद्यावर मी ओळी लिहू लागले. प्रत्येक सूचनेला यंत्राचे किती ठोके लागतात ते मोजावं लागे, आणि कवितेच्या मात्रा मोजण्यात माझी बोटं एम.ए.लाच तयार झालेली होती.

अडलं ते चिपांपाशी. भंगारातून मिळालेल्या दोनच चिपा. एकीत सूचना जायच्या, दुसरीत चित्रं. दोन्हींत कुणाचं तरी जुनं लिखाण भरलेलं. प्रत्येकीच्या पाठीवर नखाएवढी पारदर्शक खिडकी होती. तिच्यातून विशिष्ट दिव्याचा प्रकाश आत गेला की लिखाण पुसलं जाई. तो दिवा बारामतीत कुणाकडेच नव्हता.

"दिवा कशाला, बेटी?" चाचा म्हणाले. "वैशाखाचं ऊन हाय की. आठ-धा दिवस गच्चीवर टाक."

गच्चीवर मावशीच्या कुरडया होत्या, चिमण्या होत्या आणि धूळ तर विचारूच नका. मावशीनं काचेची बरणी दिली. जुन्या लाल लुगड्याचा एक तुकडा आत अंथरून त्यावर चिपा ठेवल्या, दुसऱ्या तुकड्याचा दादरा तोंडाला बांधला आणि बरणी तिच्या साखरांब्याशेजारी मांडली. दहा दिवस आम्ही दोन्ही बरण्या उन्हाकडे फिरवत राहिलो. साखरांबा मधासारखा सोनेरी झाला. चिपांतलं एक अक्षरही पुसलं गेलं नाही. चाचांनी तारा तीनदा तपासल्या आणि चिपा मेल्या असं जाहीर केलं. मी ट्रंक उघडून साड्यांच्या घड्या घालू लागले.

बरणी धुवायला घेतलेली मावशी तेवढ्यात जिन्यातून हाका मारत आली.

"अगं, हा वरचा दादरा बघ, पार विटलाय. आणि आतलं फडकं अजून लालभडक. तुझं ऊन आत गेलंच कुठं?"

ऊब आत जात होती, आणि रंग विटवणारा किरण मात्र काच बाहेरच अडवत होती. त्या दिवसापासून चिपा उघड्यावर आल्या. रजा काढून, डोक्यावर पदर घेऊन मी शेजारी बसून राहिले. चिमण्या हाकल्या, दर तासाला त्या खिडक्या मलमलीनं पुसल्या. नवव्या दिवशी चिपा कोऱ्या करकरीत निघाल्या. त्याच संध्याकाळी मी माझा खेळ त्यांच्यात भरला.

मृगाला दोन दिवस उरले असताना आबा आले. चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं, टीव्ही गुणगुणला आणि हिरव्या माळावरून पांढरी मेंढरं एका रांगेत चालू लागली. बटण दाबलं की थांबत, सोडलं की निघत. आबांचे ओठ हलत होते.

"किती हायती?"

"नऊ, आबा."

"आठच हायती. येक गावंना."

चाचा छताकडे पाहू लागले. माझी चूक मला तिथेच कळली. त्या डब्याला एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त हलती चित्रं दाखवताच येत नाहीत, हे वाचूनही मी विसरले होते. तसं मी कबूल केलं.

"मग रांगंत कशाला हाकतीस? मेंढरं काय शाळंला निघाल्यात व्हय? दोन मागं, दोन पुढं, येखादं आडवं जाऊ दे."

"आबा, आता तुमीच लिवा," चाचा हसून म्हणाले.

आबांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. पण नव्यानं लिहायचं तर चिपा पुन्हा पुसायला हव्या होत्या, म्हणजे आणखी नऊ दिवस लागणार होते, आणि मृग तर परवावर आला होता. हे मी त्यांना चाचरत सांगितलं.

आबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. हरवलेलं मेंढरू ते अजून शोधत होते.

"ऱ्हा."