न आणलेलं धोतर

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या डॉग युनिटची बारा जणांची तुकडी बपेरा गावाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, तळ टाकून होती. धान कापणी झाल्यावर तिथे मॉर्टरचा सराव झाला होता. मऊ चिखलात पडलेला बॉम्ब कधी कधी फुटत नाही, तसाच रुतून राहतो. असे बॉम्ब कुत्र्यांकडून शोधायचे, सॅपर लोकांनी ते निकामी केले की जमीन शेतकऱ्यांना परत करायची, हे आमचं काम. मी सिपाही होतो. माझं गाव सिहोरा, तळापासून सायकलने तासाभरावर.

दोन तयार कुत्रे कामावर होते. तिसरं पाच महिन्यांचं पिल्लू, मोती. ते फक्त सवय व्हावी म्हणून आणलं होतं आणि माझ्याकडे सोपवलं होतं. त्याला एकच खोड होती. माणूस दिसला की उडी मारायची आणि कपडा दातात धरायचा. आमचे उस्ताद हवालदार दलीपसिंग म्हणायचे, "कपड़ा पकड़ने वाला कुत्ता फील्ड में किसी को मरवाएगा." एका महिन्यात खोड गेली नाही तर मोतीला परत पाठवणार होते.

रोज सकाळी सहा ते सात त्याचा सराव. मोतीने पँट धरली की झाडासारखं उभं राहायचं. हात बांधून घ्यायचे, नजर वर, तोंडातून शब्द नाही. ओरडलं, ढकललं, कपडा ओढला, तर पिल्लाला तो खेळ वाटतो. चारही पाय जमिनीवर टेकले की मगच शाबासकी आणि चावायला गोणपाटाचा तुकडा. हा नियम सगळ्यांना होता. एकदा लंगरीने, आमच्या स्वयंपाक्याने, गंमत म्हणून टॉवेल हलवला.

"उस्ताद, देखो, कैसे लटकता है!"

"तू भी लटकेगा," उस्ताद म्हणाले. लंगरीने तळाला दहा फेऱ्या मारल्या.

तीन आठवड्यांत मोती पँट सोडायला शिकला. मी खूश होतो. उस्ताद नव्हते.

"ओए चावल," धानाच्या मुलखातला म्हणून ते मला याच नावाने हाक मारत, "यहाँ के बुज़ुर्ग क्या पहनते हैं?"

"धोतर, उस्ताद."

"इसने धोती देखी है? इतवार को घर जा. एक ले आ."

रविवारी मी घरी गेलो. वडिलांकडे दोन धोतरं. एक अंगावर, एक बाजाराला आणि लग्नाला जायचं. ते चांगलं धोतर पिल्लाच्या तोंडात द्यायला कसं मागायचं, ते मला समजेना. जेवलो आणि परत आलो. उस्तादांना सांगितलं, घरी कोणी नव्हतं.

"कोई बात नहीं. अगले इतवार."

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला कवडूबाबा नावाचे एक शेतकरी धोक्याची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या टेपच्या आत शिरले. वय सत्तरीचं. त्यांची लाखोरी, धानानंतरचं डाळीचं पीक, त्याच बांधीत होती आणि महिनाभर त्यांना ती पाहायला मिळाली नव्हती. पहारेकरी ओरडला तोवर ते साठ पावलं आत गेले होते. त्या आवाजाने मोती उसळला. मी ठोकलेली खुंटी ओल्या मातीतून निघाली. तो थेट त्यांच्याकडे धावला आणि त्याने धोतराचा सोगा धरला.

बाबांनी काठी उगारली आणि मागे सरकू लागले. त्यांच्या मागे सहा पावलांवर लाल झेंडी होती. झेंडीखाली बॉम्ब.

मी टेपवरून ओरडलो, "बाबा, मागं सरकू नोका! झाडावानी उभे राहा!"

"अरे, हा मले चावून राहिला ना बापू!"

"चावत नाही. धोतर धरलं त्यानं. वर पाहा. बोलू नोका."

"काठी हाणू का?"

"नोका, बाबा!"

ते उभे राहिले. मी दहापर्यंत मोजलं. पँट असती तर मोतीने सोडली असती. पण वारा होता. बाबा हलत नव्हते, धोतर हलत होतं. मोती ओढत राहिला आणि म्हातारा माणूस तोल सावरायला एकेक पाऊल मागे जाऊ लागला.

उस्तादांनी वायरलेस उचलला. "सिव्हिलियन टेप के अंदर. मैं जा रहा हूँ. ओव्हर."

पलीकडून साहेबांचा आवाज आला, "नेगेटिव्ह. वेट. सॅपर पार्टी दस मिनट में. ओव्हर."

"दस मिनट नहीं हैं, साब. आउट."

बाबांच्या पावलांचे ठसे चिखलात उमटले होते. उस्ताद एकेका ठशात बूट ठेवत गेले. पोचल्यावर गुडघ्यावर बसले. धोतराचा सुटा भाग मुठीत गोळा केला आणि बाबांच्या पायाशी घट्ट धरला. कपडा हलायचा थांबला. मोतीने सोडलं आणि चारही पाय टेकले.

"शाबास," ते म्हणाले. टेपपर्यंत ऐकू आलं. मग त्यांनी मोतीला बाबांच्या हातात दिलं. "चावल, इनको बोल, जैसे आए वैसे जाएँ."

"बाबा, आल्या पावलांवर पाय ठेवून या."

बाबा आले. अंतर ठेवायचं म्हणून उस्ताद तिथेच थांबले. बाबा टेपबाहेर पडल्यावर ते निघाले. पण ओढाताणीत तिथले ठसे पुसले गेले होते. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी स्फोट झाला. झेंडीखालचा बॉम्ब जसाच्या तसा होता. हा दुसरा होता, आम्हाला न सापडलेला.

उस्ताद जागीच गेले. माझा डावा कान गेला. चौकशीत विचारलं, कुत्र्याला प्रशिक्षण दिलं होतं का? मी म्हणालो, "येस सर."

दवाखान्यातून सुटल्यावर मी घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी दांडीवरचं चांगलं धोतर काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"आधी काहून नाही मांगतलं?"

त्या धोतरावर मोती आठ दिवसांत शिकला. कानामुळे काही महिन्यांनी मला सेवेतून सोडलं. आता तुमसरला बी.ए. करतो. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्गातली मुलं कॉलेजच्या अंकासाठी फौजेतलं काहीतरी लिहा म्हणतात तेव्हा काय लिहावं ते नीट सुचत नाही.

उस्तादांच्या पत्नीचं एकच पत्र आलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, तो म्हातारा वाचला का? मी उत्तर लिहिलं : वाचले. यंदा लाखोरी चांगली झाली, पहिली पायली त्यांनी उस्तादांच्या नावाने तळावर आणून दिली.

धोतराचं त्या पत्रात लिहायला मला जमलं नाही. ते इथे लिहिलं आहे. छापून आलं की हीच पानं, हिंदी करून, उस्तादांच्या पत्नीला पाठवणार आहे.