दोन आज्या आणि एक काळं झबलं

कोलकात्याला जायचं ठरलं ते रसगुल्ल्यासाठी नाही, हावड्याच्या पुलासाठी नाही आणि तिथल्या थोर संस्कृतीसाठी तर मुळीच नाही. ठरलं ते वीतभर काळ्या झबल्यासाठी. आमची लेक गार्गी बँकेत अधिकारी आहे. बदली होऊन कोलकात्याला गेली, तिथल्याच अनिर्बाणशी लग्न केलं आणि बराकपूरला सासरी राहायला लागली. त्यांची मुलगी शर्वरी, घरात टुकू, अजून वर्षाचीही नाही. तिची पहिली संक्रांत म्हणजे बोरन्हाण आलंच. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. वर्षभर ज्या रंगाला शुभकार्यात आपण उंबऱ्याबाहेर उभं करतो, त्याला संक्रांतीत पाटावर बसवतो. का, म्हणून विचारलं तर थंडीत काळं ऊब धरतं, असं शास्त्र ऐकवतात. मी उभा जन्म रंगाच्या कारखान्यात काढला आहे, तेव्हा शास्त्र बरोबर आहे. पण मग मार्गशीर्षातल्या लग्नात नवरीला का कुडकुडवतात, ते कुणी सांगत नाही.

बॅग आमच्या हिने, म्हणजे उषाने भरली. कडक पुठ्ठ्याच्या खोक्यात हलव्याचे दागिने, त्यावर झबलं, आणि तळाशी मसूर डाळीच्या पिठाचा डबा. "हे कशाला?" मी विचारलं. "अंगाला लावायला. लहानपणी रंग बदलतो," ती म्हणाली. टुकूचे फोटो पाठवले की आमचे नातेवाईक आधी "रंग कुणावर गेला?" विचारतात आणि मग "गोड आहे हो" म्हणतात. टुकू काळी आहे. सावळी नाही, निमगोरी नाही, चांगली काळी आहे आणि हसली की मला दुसरं काही सुचत नाही. थोडक्यात, पोरीला घालायचं काळं आणि पोरीचं काढायचं काळं, दोन्हींची सोय एकाच बॅगेत होती.

पुण्याहून हावड्याला रेल्वेने दोन रात्री जातात. जानेवारीतली तिकिटं फार आधी काढा. गाडीतल्या जेवणाबद्दल मी बोलत नाही, दशम्या आणि चटणी न्या. छत्तीसगडात शिरल्यावर शेजारच्या रुळांवरून कोळशाच्या वाघिणी जायला लागतात आणि त्या संपता संपत नाहीत. त्या कोळशाला मात्र तिथे काळं सोनं म्हणतात. किंमत आली की रंगाची लाज जाते. हावड्याला अनिर्बाण गाडी घेऊन आला होता. तुम्हाला जावई नसेल तर सियालदह गाठा. तिथून बराकपूरची लोकल साधारण चहाच्या पैशांत पोचवते. फक्त कचेऱ्या सुटायच्या वेळी चढू नका.

बराकपूर हे नदीकाठचं जुनं लष्करी गाव आहे. मोठमोठे वृक्ष, कडक शिस्तीचे फलक आणि त्यांच्याखाली बेशिस्त रिक्षा. व्याही निर्मलबाबू रेल्वेतून निवृत्त झालेले, इतिहासाचे वेडे. त्यांनी पहिल्या सकाळी विचारलं, "बेयाइ मोशाय, लाल चा?" बेयाइ म्हणजे व्याही आणि बेयान म्हणजे विहीण, एवढं एव्हाना मला कळलं होतं. कपात आला बिनदुधाचा चहा. इंग्रज त्याला काळा म्हणतो, बंगाली लाल म्हणतो आणि आपण कोरा म्हणून रंगाचा प्रश्नच टाळतो. मी कोरा मागवला, लाल प्यालो आणि काळा संपवला. छान होता.

चहा संपला तशी उषाने मोठ्या हौसेने झबलं काढलं. विहीणबाई, मिनतीदी, हसतमुख बाई. पण ते कापड बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू आम्ही पोरीसाठी कफन आणलं आहे.

"शुभो काजे कालो? ना बेयान. बच्ची को ये नहीं पहनाएगा."

"अहो, आमच्यात संक्रांतीला काळंच घालतात," उषा म्हणाली, आणि मग तिच्या पुणेरी हिंदीत, "हमारे में शुभ होता है!"

"और ये सब क्या डालेगा माथे पे?"

"बोरं. बेर."

"कूल? सरस्वती पूजा के पहले?" मिनतीदींनी कानाला हात लावले.

तिथल्या मुलांनी सरस्वती पूजेआधी बोर तोंडात टाकलं तर विद्या रुसते, असा समज आहे. आम्ही तर नातीला बोरांनी न्हाऊ घालायला निघालो होतो! पण बोरांचा तंटा पंचांगाने मिटवला. सरस्वती पूजा वसंत पंचमीला, आणि बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं. म्हणजे मध्ये दोन दिवस निघत होते. उरला काळा रंग. अनिर्बाणने शांततेसाठी गडद निळं झबलं सुचवलं, तेव्हा दोन्ही आज्या त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की तो दात घासायला निघून गेला. गार्गीने झबल्याची घडी घालून ते खोक्यात ठेवलं. ती अशी घड्या घालायला लागली की मला धास्ती वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही टुकूला घेऊन दक्षिणेश्वरला गेलो. मोबाइल आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात, रांग मोठी असते आणि रांगेनंतर हिंगाच्या कचोऱ्या खाणं हे धार्मिक कर्तव्य आहे. गाभाऱ्यात काळीकुट्ट देवी, गळ्यात लालभडक जास्वंदीचे हार. शेड कार्डावरचा कुठलाही काळा इतका जिवंत मी पाहिलेला नाही. मिनतीदी हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"देवीचं चालतं वाटतं काळं," उषा माझ्या कानाशी कुजबुजली.

"देवीचं लग्न जमवायचं नसतं," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर मिनतीदींनी पर्समधून काजळाची डबी काढली आणि टुकूच्या कपाळाच्या कडेला रुपयाएवढा टिपका लावला. दृष्ट लागू नये म्हणून. उषाने लगेच दुसरी तीट गालावर लावली, कारण आमच्यात गालावर असते. यावर मात्र दोघींचं झटकन एकमत झालं. काळ्याचा टिपका शुभ आणि वीतभर कापड अशुभ. नेमकं किती मापाला ते उलटतं, ते कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

बायका टुकूला घेऊन घरी परतल्या आणि निर्मलबाबूंनी मला मेट्रोत बसवलं. दक्षिणेश्वरहून गाडी न बदलता एस्प्लनेडला उतरता येतं, ही फार मोठी सोय आहे. फेरीवाल्यांमधून वाट काढत ते मला जुन्या कचेऱ्यांच्या भागात घेऊन गेले. शाळेत आपण 'कलकत्त्याची अंधारकोठडी' घोकली, ती इथलीच. कोठडी आता नाही. तिचं स्मारक एका चर्चच्या आवारात उभं आहे आणि ते पांढरंशुभ्र संगमरवरी आहे! त्या कोठडीत किती जण गेले, मी विचारलं. "जो लिखेगा, उसके ऊपर है," निर्मलबाबू म्हणाले. मग त्यांनी उत्तरेकडे हात केला. "इधर साहब लोग का व्हाइट टाउन. उधर हम लोग. ब्लैक टाउन." छाती फुगवून सांगितलं त्यांनी. "हमारा ठाकुरदा उसी ब्लैक टाउन का आदमी. लड़के के लिए फोर्सा बहू चाहिए था. पूरा ब्लैक टाउन छान मारा." ठाकुरदा म्हणजे आजोबा, फोर्सा म्हणजे गोरी. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसलो. अंदमानला कैदी इथूनच बोटीने जायचे, त्याला आपण काळं पाणी म्हणायचो. आता त्याच काळ्या पाण्यावर जोडपी मधुचंद्राला जातात आणि वर लाटेबरोबरचे फोटो पाठवतात.

संध्याकाळी घरी पोचलो तर टुकूच्या रडण्याचा आवाज रस्त्यावर येत होता. वर जाऊन बघतो तर दिवसभर एकमेकींशी तोलून मापून बोलणाऱ्या दोन्ही आज्या सतरंजीवर मांडी ठोकून बसल्या होत्या, मध्ये उघडी टुकू. एकीकडे उषाचं मसूर डाळीचं पीठ, दुसरीकडे मिनतीदींची कच्ची हळद आणि दुधाची साय. दोघी मिळून पोरीला चोळत होत्या, अगदी मन लावून. भाषा वेगळी, पंचांग वेगळं, पण इथे कसलाच वाद नव्हता. टुकूची पाठ लाल झाली होती.

गार्गी माझ्या मागोमाग बँकेतून आली. तिने खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नाही.

"माँ, आई," ती हिंदीत म्हणाली, दोघींना कळावं म्हणून, "आप लोगों को काला कपड़ा नहीं चलता, या काली लड़की नहीं चलती?"

तिने टुकूला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. मग मराठीत, फक्त उषाला म्हणाली, "मलाही असंच घासलं होतंस, आई. निघाला का रंग?"

गार्गीही काळीच आहे. तिला बघायला आलेल्या लोकांनी काय काय म्हटलं होतं, ते आम्हा तिघांना पाठ आहे. उषा मान खाली घालून बोटांवरचं पीठ काढत राहिली. शेवटी मिनतीदीच सुनेला म्हणाल्या, खूप हळू. "लोग आएगा उस दिन. काला कपड़ा में और काला लगेगा. लोग बोलेगा. इसीलिए मना किया था, बउमा."

"मी पण," उषा म्हणाली, "दुकानात मुद्दाम जास्त पांढऱ्या नक्षीचं कापड शोधत होते. मिळालं नाही." आणि तिला रडू फुटलं. मिनतीदींनी हळदीचा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिच्या त्या ब्लाउजवर अजून पिवळा पंजा आहे.

सरस्वती पूजेला सगळं बराकपूर पिवळ्या कपड्यांत फिरत होतं, टुकूसुद्धा. पूजा झाली आणि बाजारात बोरांचे ढीग लागले. (हलव्याचे दागिने नेणार असाल तर खोकं खुंटीला टांगा, मुंग्यांना संस्कृतीचं फार प्रेम असतं. आमच्या बाजूबंदाचा एक पेड त्यांनी नेला.) रथसप्तमीला कोलकात्यातली ओळखीची मराठी कुटुंबं आली. एक छोटी विचारत होती, "आजी, मी कूल उचलू?" झबलं घालायची वेळ झाली तेव्हा उषाने ते मिनतीदींच्या हातात दिलं. त्यांनी बंद बांधले, हलव्याचा मुकुट चढवला, सवयीने काजळात बोट बुडवलं आणि थबकल्या. वरून खालपर्यंत त्या काळ्याभोर बाळाकडे बघत राहिल्या.

"इतना कालो में टिप दिखेगा कहाँ?" त्या म्हणाल्या.

मग सगळ्यात आधी गार्गी हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग बोरांचा पाऊस सुरू झाला. टुकूने एक चुरमुरा खाल्ला आणि बाकी सगळं फेकून दिलं.

परतीचा प्रवास तसाच, दोन रात्री आणि कोळशाच्या वाघिणी. घरी आल्यावर पिठाचा डबा बॅगेतून निघाला. उषाने त्याची धिरडी घातली, चांगली झाली. कोलकाता कसं वाटलं, असं लोक विचारतात. बघण्यासारखं पुष्कळ आहे, जा. स्मारकं, नदी, कचोऱ्या. आम्ही मात्र तिथे जे बघितलं, ते पुण्यातच होतं, इतकी वर्षं आमच्या घरातच, आणि ते कळायला एवढा लांब पल्ला गाठावा लागला.

परवा उषा आणि मी बोरन्हाणाचा फोटो मोठा करून घ्यायला कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो होतो. तिथल्या माणसाने तो संगणकावर उघडला आणि सवयीने म्हणाला, "मावशी, बाळाचा चेहरा थोडा उजळ करून देतो. सगळेच करून घेतात. झबल्यामुळे फारच काळपट दिसतंय."

उषाने चष्मा वर ढकलला.

"मग झबलं गोरं करा," ती म्हणाली. "तिला हात लावायचा नाही."