जोडवी

राऊंड संपत आला होता आणि माझेच पाय ओढत होते. शेवटच्या खाटेवर परवा ऑपरेशन केलेल्या बाई उताण्या पडून होत्या. जिन्यावरून पडून मणका मोडला होता. मणका स्क्रू घालून बसवता आला, पण आत चेंगरलेला मज्जारज्जू कुणालाच शिवता येत नाही. इतक्या वर्षांत या वाक्याची सवय झालेली नाही, फक्त ते सांगायचा कंटाळा आलाय.

पायांना स्पर्श कळतो का हे तपासताना आम्ही पेशंटला डोळे मिटायला लावतो, कारण उघडे डोळे पायांच्या वतीनं खोटं बोलतात. सकाळीच तपासलं होतं. बाईंना काहीच कळलं नव्हतं.

ऑपरेशनआधी उतरवलेली जोडवी त्यांच्या यजमानांनी रुमालात बांधून ठेवली होती. त्यातलं एक त्यांनी बायकोच्या बोटात सरकवलं.

"कळतंय का गं?"

"कळतंय की. गार लागलं."

त्यांचा चेहरा उजळला. दुसरं जोडवं घालायला ते पुन्हा वाकले. बाईंना मान उचलता येत नव्हती. माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, घातलं का हो त्यांनी?"

मी नुसती मान हलवली.

"अहो," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हेही कळलं हं."