नलूबाईची सांबारवडी

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीबरोबर वाटीत येतं त्यालाही सांबारच म्हणतात, पण घोटाळा कधी होत नाही. बाजारात ‘एक जुडी सांबार दे’ म्हटल्यावर भाजीवाली काही पातेलं पुढे करत नाही. एवढी साधी गोष्ट, पण पुण्याकडच्या एका कंपनीला ती माहीत नव्हती.

हिंगणघाटला नागपूर-हैदराबाद रस्त्यावर धनंजयचं हॉटेल आहे. तिथे नलूबाई सांबारवडी करते. बेसनाची पातळ पोळी, तिच्यात चिरलेला सांबार, खोबरं, खसखस आणि मसाला, मग पुडी मिटून तळायची. सोबत कढी. नवरा वारल्यावर ती इथे भांडी घासायला लागली होती. किसनरावांनी, म्हणजे धनंजयच्या वडिलांनी, एकदा तिच्या डब्यातली वडी खाऊन पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून भांडी दुसरं कोणी घासू लागलं. वडी कोणी शिकवली असं विचारलं तर म्हणते, “कोणी नाई. नासवून नासवून आली.”

बाई बाहेर गिऱ्हाइकांत येत नाही. कौतुक करायला कोणी आत शिरलंच, तर ‘सरका, तेल उडन’ म्हणून त्याला वाटेला लावते. तोंडी कौतुकावर तिचा भरवसाच नाही. ती परत आलेल्या प्लेटा पाहते. प्लेटमध्ये कढीचे ओघळ तेवढे उरले असले की तिचा दिवस चांगला जातो.

गेल्या हिवाळ्यात धनंजयने भिंतीवरचा मेनूचा बोर्ड उतरवला आणि टेबलाटेबलावर क्यूआर कोड चिकटवले. फोन धरा, मेनू उघडतो, फोटो दिसतात. बोट ठेवा, आत चिठ्ठी निघते. मेनू त्या पुण्याकडच्या कंपनीने करून दिला. सांबारवडी हे नाव वाचून तिथल्या कोणा हुशाराने फोटो लावला तो इडलीच्या सांबाराचा. वाटीभर लालसर सांबार आणि त्यात बुडालेले दोन वडे. धनंजयने भाव तपासले, फोटो तपासले नाहीत. आम्ही गावातले लोक तर फोटो पाहतच नाही. काय खायचं ते घरून निघतानाच ठरलेलं असतं.

हैदराबादकडचे प्रवासी मात्र पाहतात. बोर्ड मराठीत होता तोवर ते डाळ-भात खाऊन जात. आता त्यांना ओळखीचं सांबार दिसलं आणि सांबारवडीच्या चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या निघू लागल्या. नलूबाई खुशीत होती. मग प्लेटा परत येऊ लागल्या, भरलेल्या. एखाद्या वडीचा फक्त कोपरा मोडलेला.

वेटर अंकुश चांगला चाळिशीचा माणूस, हॉटेलात मुरलेला. एका गिऱ्हाइकाने त्याला विचारलं, “सांबार किधर है?” अंकुशने वडी फोडून आतलं हिरवं सारण दाखवलं. गिऱ्हाईक म्हणालं, ये नहीं, सांबार लाओ. तेव्हा अंकुश आत गेला आणि मूठभर कोथिंबीर चिरून वडीवर भुरभुरून घेऊन आला. त्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. पुढचे कित्येक दिवस मी तो आठवून हसत होतो, हे कबूल करतो.

आत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. “काकू, सांबार कुठं हाये म्हून विचारून राह्यले,” अंकुशने सांगितलं. नलूबाईने सांबार वाढवला. तरी प्लेटा परत आल्या. तिने आणखी वाढवला, खोबरं कमी केलं, मसाला कमी केला. वड्या तेलात फुटू लागल्या. ती चव घेऊन पाही आणि तिला काही कळेना. इतक्या वर्षांचा हात बिघडला, असं तिच्या मनाने घेतलं. दुपारचं जेवणही तिला जाईना. वडी गेली तर या हॉटेलात आपण पुन्हा भांडीवाली, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

एका रविवारी मी बंडूजींबरोबर तिथे गेलो. बंडूजी जिनिंगमध्ये कापूस पारखतात आणि जिभेलाही तोच नियम लावतात. पहिल्याच घासाला त्यांनी वडी खाली ठेवली.

“अंकुश, नलूबाई सोडून गेली का? कोण करून राह्यलं हे? वडी हाये का चाऱ्याची पेंडी?”

मधल्या खिडकीतून ते आत ऐकू गेलं. नलूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिला हॉटेलच्या या बाजूला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“मीच केली, भाऊ. लोकायले सांबार पायजे, तं जास्त भरला.”

“कोणाले पायजे?”

“हैदराबादवाल्यायले,” अंकुश म्हणाला. “रोज मांगते.”

बंडूजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फोन काढून त्या कोडसमोर धरला, मेनू खाली सरकवला आणि थांबले. मग फोन नलूबाईपुढे केला. साध्या बटणांच्या फोनवर दिवस काढणारी बाई. तिने हा मेनू कधी पाहिलाच नव्हता.

“हे तं वरण हाये,” ती म्हणाली.

“सांबार हाये, काकू. इडलीतला,” अंकुश म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने कपाळाला हात लावला.

“ते हे मांगत होते?”

“हे.”

नलूबाई समोरच्या खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. “मले वाटे, माही जीभ गेली,” एवढंच म्हणत राहिली. मला त्या फोटोवाल्याचा भयंकर राग आला. पण तो तिकडे पुण्यात, आणि त्याच्या गावीही नसणार.

धनंजय धावत आला. चूक कळल्यावर ओशाळला आणि लगेच मालकासारखं बोलला. “काकू, फोटो बदलायले आठ दिवस लागते म्हणते. तोवर वडी बंदच ठेवू.”

“काऊन? वडी चुकली का माही?”

“प्लेटा वापस येतीन ना.”

“येऊ दे.”

ती उठून आत गेली. सारणाचं पातेलं बाजूला सारून तिने नव्याने खोबरं भाजायला घेतलं. बंडूजींनी दुसरी प्लेट खाल्ली आणि कढीचे ओघळ तेवढे ठेवले.

आम्ही निघायच्या बेतात असताना हैदराबादचं एक कुटुंब आलं. फोटोवर बोट ठेवलं, चिठ्ठी निघाली, वडी आली. अंकुशने हातवारे करून समजावलं, पण त्यांचं मन सांबारावरच बसलेलं. प्लेट तशीच परत गेली. मी खिडकीतून पाहत होतो. अंकुश काही सांगायला गेला, तर नलूबाईने त्याला हातानेच गप्प केलं. ओट्यापाशी उभ्यानेच तिने त्या प्लेटमधल्या वड्या खाल्ल्या, सगळ्या, कढीसकट. बोटं चाटली. मग पुढचा घाणा कढईत सोडला.