दादांचं लायसन्स

माझ्या बायकोच्या मावसभावाच्या मते परमेश्वराने हे जग हाताने बनवलं, म्हणूनच त्यात इतक्या चुका राहिल्या. कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट लिहून बनवलं असतं तर डास आणि माझ्यासारखे जावई टळले असते. यातला जावयांचा भाग ते बोलून दाखवत नसत. मान राखणारा माणूस. बायको त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही. एकच काम हाताने दोनदा करायचं नाही, हा त्यांचा बाणा. वहिनींनी एकदा कोथिंबीर सांगितली, तर त्यांनी दर शनिवारी जुडी आपोआप घरी येण्याची व्यवस्था करून टाकली. ती बंद कशी करायची ते मात्र सापडेना. सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या त्यांच्या फ्लॅटवर आम्ही कधीही गेलो तरी कोथिंबीरवड्याच खाल्ल्या.

तोआ पायोहच्या ऑफिसात सगळ्यांना सॉफ्टवेअरची लायसन्स द्यायची आणि सोडून जाणाऱ्यांची काढून घ्यायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली मी एकेका नावावर क्लिक करत बसायचो. "जावईबापू, तांदूळ निवडताय का?" असं म्हणत त्यांनी मला स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरकडून तेच काम आपोआप करून घेणाऱ्या चार ओळी, लिहायला शिकवली.

माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात नोकरी करायचा परवाना, संपत आला होता आणि तो वाढवणं ऑफिसातल्या साहेबांच्या हातात होतं. नेमके तेव्हाच अकाउंट्समधले एक टॅन नोकरी सोडून गेले. त्यांचं लायसन्स काढायला मी ऐटीत स्क्रिप्ट लिहिली. आधी नाव, शेवटी आडनाव, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं; चिनी मंडळींचं आडनाव आधी येतं हे ध्यानातच आलं नाही. पहिला शब्द 'टॅन' असलेल्या साऱ्यांची लायसन्स गेली, मेल बंद पडली. अर्धं ऑफिस टॅन होतं. साहेबही.

दादांनी सगळं पूर्ववत केलं आणि मला घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. "माय मिस्टेक. आय टॉट हिम राँगली. ही इज अवर सन-इन-लॉ."

"सन-इन-लॉ? यू सो यंग, हाऊ कॅन?"

जावई अख्ख्या घराचा असतो आणि त्याला कुणी रागवायचं नसतं, हे दादांनी इतका वेळ समजावलं की साहेब रागवायचंच विसरले. माझा पास वाढला.

पुढे पुण्यात दादांच्या आई आजारी पडल्या आणि ते कायमचे परत गेले. त्यांचं लायसन्स काढून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. एका ओळीचं काम, पण माझा हात होईना. मला रागवायचा पुरता हक्क असून आपणहून न रागावणारा तिथे तो एकच माणूस होता.

शेवटी साहेब स्वतः टेबलाशी आले. "व्हाय स्टिल अॅक्टिव्ह?"

"स्क्रिप्ट चालत नाहीये," मी इंग्रजीत थाप मारली.

साहेबांनी स्क्रीनवरच्या दादांच्या नावाकडे पाहिलं. "नेव्हर माइंड. नेक्स्ट वीक ऑल्सो कॅन," ते म्हणाले, आणि त्या नावाकडे बघत तिथेच उभे राहिले.